फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात काय लिहू?

कृष्णाकाठची, सांगली

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं नुसती वाचत असते. आज विचारायचं आहे, आणि जरा घाईचं आहे.

आम्ही दोघी अकरा वर्षं एकत्र राहतो, आता विश्रामबागेत. मी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिते, ती शाळेत शिकवते. इथं तिला बाई म्हणते. घरीही भांडण झालं की बाईच म्हणते. बिल्डिंगमध्ये आम्ही ‘वरच्या त्या दोघी’. याच्या पुढं कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

बाईंच्या गर्भपिशवीत गाठी आहेत. दोन वर्षं गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. हिमोग्लोबिन ८ वर आलंय. आता डॉक्टर म्हणतात, पिशवी काढू. मिरजेत, आजपासून बावीस दिवसांनी. ऑपरेशनपेक्षा मला त्या भरतीच्या फॉर्मचीच धास्ती जास्त वाटते. हसू नका, कारण सांगते.

तीन वर्षांपूर्वी तिला डेंग्यू झाला. रात्री दोन वाजता रिक्षातनं नेलं. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, ‘तुम्ही पेशंटच्या कोण?’ माझ्या तोंडून ‘बहीण’ निघून गेलं. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला तासगावहून. तो सहज बोलून गेला, ‘आम्हाला बहीण एकच, ती आत झोपलीय.’ झालं. फाइल त्याच्याकडं, पास त्याच्याकडं, प्लेटलेट किती वाढल्या ते डॉक्टर त्याला सांगणार. मी जिन्यात, मांडीवर मुगाच्या खिचडीचा डबा. भाऊ वाईट नाही हो. बेदाण्याच्या शेडवरनं तसाच आला होता, अंगाला गंधकाचा वास. संध्याकाळी मलाच म्हणाला, ‘ताई, तुम्ही जावा आता घरी, तुम्हाला कशाला उगं त्रास.’ एवढ्या मायेनं मला आजवर कुणी बाहेर काढलेलं नाही.

उलट २०१९ च्या ऑगस्टातलं सांगते. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आम्ही गावभागात तळमजल्याला राहायचो. मालकाच्या गच्चीवर चढून बसलेलो. बोटीतल्या पोरानं खालून विचारलं, ‘किती जण?’ ‘दोन.’ ‘या.’ संपलं. पाणी उतरल्यावर पंचनाम्याला आलेल्या माणसानं माझ्या नावापुढं ‘भाडेकरू’ लिहिलं आणि तिच्या नावाशी येऊन पेन थोडा वेळ हवेतच धरला. मग लिहिलं, ‘सोबत राहणारी’. आमच्याबद्दल कुणी कागदावर लिहिलेलं तेवढं एकच.

तर विचारायचं असं, की आता काय लिहू? बहीण तर गेली. मैत्रीण लिहिलं तर आत सोडतील का? सही कुणाची चालते? आणि भावाला आधी कळवायचं की नाही? बाई म्हणतात, डिस्चार्ज मिळाल्यावर सांगू.

साताऱ्याचा कंदी

ताई, खोटं नातं लिहू नका. नीतीचं सांगत नाही, सोयीचं सांगतो. माझ्या मित्राची बायपास झाली तेव्हा मी ‘मावसभाऊ’ लिहिलं. एकोणीस वर्षांच्या संसारात एवढा मोठा मूर्खपणा मी दुसरा केला नसेल. शेजारच्या खाटेवरचे आजोबा निघाले त्याच्याच कोरेगावचे. ‘म्हणजे तू कुणाचा? कुठली मावशी? दिली कुठं तिला?’ पाच दिवस मी एक आख्खी मावशी रचत होतो. तिला वाईत दिली, तिचा नवरा एसटीत लावला. चौथ्या दिवशी आजोबांनी मावशीच्या सासऱ्यांचं नाव विचारलं तेव्हा मी चहाला म्हणून जो उठलो तो त्यांना डिस्चार्ज मिळेपर्यंत खाटेजवळ गेलो नाही.

पुढच्या खेपेला ‘मित्र’ लिहिलं. कुणी मान वर करून पाहिलं नाही. मात्र एक केलं होतं. आधी ओपीडीत दोघं मिळून गेलो आणि तो स्वतः डॉक्टरांना म्हणाला, ‘माझं सगळं हेच बघतात, जे सांगायचं ते यांना सांगा.’ डॉक्टरांनी फाइलवर माझा नंबर लिहून घेतला. काउंटरवर आपण किती का बोलेना, पेशंटच्या तोंडचं ते एक वाक्य जास्त चालतं.

भावाला मात्र आधी सांगा. नंतर कळलं की माणूस दुखावतो आणि मग खोदत बसतो.

(आम्ही तरी कुठले शूर? ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ चा, म्हणजे आपलं नातं गुन्हा नाही असा, निकाल लागला तेव्हा अर्धा किलो पेढे आणले, आणि दुकानदाराला सांगितलं की भाच्याला मुलगा झाला.)

वॉर्डातली, मिरज

मी स्टाफ नर्स आहे. सोळा वर्षं हेच फॉर्म भरून घेतेय, म्हणून थोडं लांबण लावते.

सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या पेशंटची संमती म्हणजे तिची स्वतःची सही. तिच्या सहीऐवजी नवऱ्याची, भावाची, आईची, कुणाचीच सही चालत नाही. खाली जी दुसरी सही घेतात ती साक्षीदार म्हणून, आणि आमच्या सोयीसाठी. वॉर्डाच्या भाषेत ‘नातेवाईक’ म्हणजे जो औषधं आणतो, रक्ताची पिशवी आणतो, बिल भरतो आणि रात्री दोनला हाक मारली की उठतो, तो. तुम्ही हे सगळं करणारच आहात.

भीती वाटायचीच असेल तर ती त्या रकान्याची नको, पुढच्या गोष्टीची असू दे. बाई टेबलावर भूल दिलेल्या अवस्थेत आहेत आणि डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, ‘हे पण काढावं लागेल, नातेवाईक कोण?’ तेव्हा कुणी काय बोलायचं? दिल्लीतली एक केस आहे. १९९५ साली ४४ वर्षांच्या एक अविवाहित बाई फक्त दुर्बिणीतून तपासणी करायला म्हणून दाखल झाल्या. भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची सही घेतली आणि गर्भाशय, ओव्हरी सगळं काढून टाकलं. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आईची ती संमती ग्राह्य नाही. जिवावर बेतलेलं नव्हतं, पेशंट शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. म्हणजे सख्ख्या आईची सहीसुद्धा चालली नाही, मग भावाच्या सहीचं दडपण तुम्ही कशाला घेता?

म्हणून आत्ताच बसून ठरवा. ओव्हरी ठेवायच्या की काढायच्या, गाठी काढताना आणखी काही दिसलं तर काय करायचं, हे बाईंनी सर्जनना तोंडी सांगायचं आणि संमतीपत्रावर लिहून घ्यायचं. शिवाय एका साध्या कागदावर त्यांच्या हातानं दोन ओळी: माझ्या तब्येतीची माहिती अमुक यांना द्यावी, माझ्या वतीनं त्यांच्याशी बोलावं. खाली सही आणि तारीख. एक प्रत फाइलला लावायला सांगा. त्या कागदानं सगळी दारं उघडतील असं नाही. पण ड्यूटी बदलली की नवीन सिस्टर आधी फाइल बघते, चेहरा नाही.

आणि हिमोग्लोबिन ८ वर ऑपरेशन करायला भूलतज्ज्ञ कां कूं करतील. बावीस दिवस हातात आहेत. लोहाची सलाइन लावायची का ते या आठवड्यातच विचारा. रक्त देणारे दोन जण सांगून ठेवा.

भडंग, सांगली

मी बी पॉझिटिव्ह. गरज लागली तर हाक मारा, वालचंदच्या मागं राहतो, वीस मिनिटांत मिरजेत पोचतो. रूममेटही देईल, त्याला माझं माहीत आहे.

बाकी माझं वय २१, सल्ला काय देणार. पण ते ‘अकरा वर्षं’ दोनदा वाचलं. सांगलीत? अकरा? मला वाटायचं आपल्यासारखे लोक पुण्याला जातात नाहीतर लग्न करून गप्प बसतात. राग मानू नका, पण भाजी कोण करतं तुमच्यात? आणि गॅस संपला की कुणी नंबर लावायचा हे कसं ठरतं? खरंच विचारतोय.

जगवाली मावशी, मिरज

वो ताई, तुमी रकान्याचं काय घिऊन बसलाय. मला ताप आलता तवा आदी ह्येच ठरंना की बायकांच्या वार्डात घ्याची का बाप्यांच्या. दीड तास व्हरांड्यात बाकड्यावर. येनारं जानारं बगतंय. शेवटाला झाडलोट करनारी एक मावशी म्हनली, ‘कडंची खाट रिकामी हाय, द्या की तिला.’ तवा कुटं टेकले. तुमचं दिसत न्हाई, आमचं लांबनं दिसतंय, येवडाच फरक.

रातीला माजी चेली थांबली. तिनं फारमावर ‘मुलगी’ लिवलं. मी म्हनलं, आगं खोटं कशाला? तर म्हनती, खोटं कुटं हाय? खरंच की. तिला मीच वाडवली, यल्लमाच्या डोंगराला मीच न्हेली. कंदीदादा, तुमची मावशी खोटी आसंल, मी खरी हाय.

भावाला समदं सांगू नका, पर काईच न सांगता ऑपरेशन करू नका. पोटाचं ऑपरेशन हाय, अमक्या तारकेला हाय, बास. त्येचीबी ती बहीनच हाय. बाकी त्याला जवा कळायचं तवा कळंल, न्हाईतर आदीच कळलं आसंल. खेड्यातल्या मानसाला तुमी भोळं समजू नका.

कागदवाला

आधीच्यांनी नेमकं सांगितलंय, मी ऑपरेशननंतरच्या कागदांचं तेवढं सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानं लग्नाचा मार्ग बंद आहे, पण काही खिडक्या उघडल्यात. २८ ऑगस्ट २०२४ ला केंद्राच्या वित्त खात्यानं स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांनी बँकेत संयुक्त खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. त्याच वर्षी रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले धरावं असं राज्यांना कळवलं गेलं. तुमच्या तहसीलच्या पुरवठा शाखेत ते कुणी वाचलं असेल या भरवशावर जाऊ नका, छापून खिशात घेऊन जा. बाईंचं नाव अजून तासगावच्या कार्डावरच असणार, पैज लावतो.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हेही लक्षात ठेवा. तो पैसे काढतो, मालक होत नाही. त्यामुळं दोघींनी मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, ज्याला मिळणार आहे त्यानं साक्षीदार व्हायचं नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण भाऊ असलेल्या घरात केलेली बरी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात साध्या कागदावर कुणालाही आपला प्रतिनिधी नेमता येतं, पण ते मानसिक आजारापुरतं आहे, गर्भपिशवीला उपयोगाचं नाही. एकटं वाटलं तर सांगलीत संग्राम संस्था आहे, १९९२ पासून काम करतेय. आपल्या लोकांची तिथं ये-जा असते.

कृष्णाकाठची, सांगली

उशिरा लिहितेय, माफ करा. झालं सगळं.

बाईंनी आदल्या आठवड्यात ओपीडीत डॉक्टरांना सांगितलं, कंदीदादा म्हणाले तसंच. त्यांनी मान डोलावली आणि ओव्हरीबद्दल विचारायला लागले. वॉर्डातली ताईंचा कागद बाईंनी शाळेच्या अक्षरात लिहिला, समास सोडून. लोहाच्या सलाइन लागल्या, हिमोग्लोबिन १०.२ पर्यंत आलं.

भरतीच्या दिवशी फॉर्म माझ्या हातात होता, पण रकाना आला तसा बाईंनी काढून घेतला आणि लिहिलं, ‘सोबत राहणारी’. मी घामाघूम. काउंटरवरच्या मुलीनं वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, थांबली आणि म्हणाली, ‘मॅडम, मोबाइल नंबर चुकलाय. नऊच आकडे आहेत.’

अडीच तास लागले. ओव्हरी ठेवल्या, रक्ताची एक पिशवी लागली. मध्ये दार उघडून डॉक्टरांनी विचारलं, ‘बाईंचं कोण आहे?’ मला एकही शब्द सुचला नाही. ‘मी’ म्हणाले. तेवढ्यावर त्यांनी गाठ दाखवायला आत बोलावलं. ती बघून मी भिंतीला टेकले ते वेगळं.

भाऊ आला होता. मावशी, तुमच्या शब्दांत तेवढंच सांगितलं होतं त्याला. दोन किलो बेदाणे, आणि काउंटरला न जाता थेट माझ्याकडं. ‘ताई, रात्रीचं मी थांबू का तुम्ही थांबताय?’ मी म्हटलं, मी. ‘बरं. मग गरम पाण्याचा थर्मास आणून देतो.’ त्याला काय कळलंय, काय नाही, मला ठाऊक नाही. थर्मास मात्र अजून आमच्याकडंच आहे.

भडंग, तुझ्या रूममेटच्या रक्ताचे आभार, तू स्वतः सुई बघून चक्कर येऊन पडलास ते मी कुणाला सांगणार नव्हते. भाजी मी करते, आमटी ती. गॅसचा नंबर ज्याच्या पाळीत संपला त्यानं लावायचा, आणि तो दर वेळी माझ्याच पाळीत संपतो.

रेशनकार्डाची पैज कागदवाले जिंकले.

सहा आठवडे वजन उचलायचं नाही म्हणून बजावलंय. काल पाण्यानं भरलेला कुकर उचलताना पकडली. मी ओरडले तर म्हणते, ‘हळू बोल, खालच्या काकूंना ऐकू जाईल.’