मदत हवी आहे: ट्रेलरच्या जॅकचं हँडल फिरतंय, पण मध्येच सुटतंय

धुरळा

नमस्कार मंडळी. दोन ॲक्सलचा जड ट्रेलर आहे. पुढच्या दांड्याला उभा जॅक वेल्डिंगने पक्का केलेला आहे. बाजूने हँडल फिरवलं की आतली चौकोनी नळी खाली उतरते, आणि तळाचा पाय पिन काढून चटकन सरकवता येतो, त्या प्रकारचा. पट्टीवर ३ टन एवढंच वाचता येतं, बाकीची अक्षरं गंजाने खाल्ली.

आठवड्यापूर्वी भरलेला ट्रेलर उचलताना हँडल हळूहळू जड होत गेलं. मी आणखी जोर लावला (इथेच चुकलो, माहीत आहे). आतून 'कट्ट' आवाज आला आणि हात एकदम हलका झाला. तेव्हापासून असं होतंय की हँडल फिरतं, पाय थोडा उतरतो, मग कट्ट, हँडल जरा रिकामं फिरतं आणि पुन्हा पकडतं. ट्रेलर मात्र खाली आला नाही, होता तिथेच राहिला. एवढं नशीब.

वरचं झाकण दोन वर्षांपूर्वीच हरवलंय. तिथे मी प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली होती. आत बोट घातलं तर ग्रीसचं डांबर झालेलं.

घरी दुरुस्त होण्यासारखं आहे का? माझ्याकडे पाने, पंच, हातोडा, व्हाइस, ग्राइंडर आणि एक रविवार आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

नटबोल्ट

नवा घ्या. विषय संपला.

धुरळा

नवा घ्यायचा तर जुना कापायचा, दांडा घासायचा, नवा काटकोनात धरून वेल्ड करायचा. हे सगळं जमत असतं तर धागा काढलाच नसता :)

लेथवाली

धुरळाभाऊ, जॅकचं नंतर बघू. आधी सांगा, ट्रेलर आत्ता कशावर उभा आहे?

धुरळा

दांड्याखाली सिमेंटचे ठोकळे रचलेत, एकावर एक तीन. चाकांना दगड लावलेत.

लेथवाली

ते ठोकळे आजच काढा. सिमेंटचा पोकळ ठोकळा दाबाखाली फुटतो तेव्हा आधी चिरेल किंवा करकरेल याचा भरवसा नाही, सरळ भुगा होतो. जाड लाकडी ओंडके आडवे-उभे रचा, नाहीतर वजनाला पुरेल अशी घोडी लावा. ट्रेलर रिकामा करा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे द्या आणि दांडा एका हाताने हलवून बघा. डगमगला तर पुन्हा रचा. हे होईपर्यंत पाना हातात घेऊ नका.

मग हे करा. गिअरच्या डब्याचं झाकण नाहीच आहे, तर वरून बॅटरी मारा. हँडलच्या आडव्या दांड्यावर एक लहान तिरक्या दात्यांचा गिअर दिसेल आणि त्याच्याखाली उभ्या स्क्रूवर मोठा गिअर. दोन्ही गिअरवर खडूने एकेक खूण करा आणि हँडल सावकाश फिरवा. कट्ट नेमकं केव्हा होतं ते मोजा. हँडलच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा, एकाच जागी होत असेल तर दुखणं लहान गिअरचं. मोठ्या गिअरला लहानाच्या दुप्पट दाते असतील आणि आवाज एक फेरा सोडून येत असेल, तर मोठ्याचं. हँडल नुसतंच फिरतंय आणि लहान गिअर जागचा हलत नाही, असं असेल तर त्या गिअरला दांड्याशी जोडणारी पिन तुटली. दोन्ही गिअर नीट फिरतात, स्क्रूही फिरतो आणि तरी पाय हलत नाही, तर खालच्या नटाचे आटे गेले.

एकेक टप्पा बघत गेलं की उघडण्याआधीच निम्मं कळतं.

पंक्चर

सहमत. आणि उघडताना काही अडकलं तर गॅसने लाल करा, झटक्यात सुटतं.

जुनं खोड

पंक्चरभाऊ, नळीला जस्ताचा मुलामा असेल तर लाल करायच्या भानगडीत पडू नये. जस्त ४२० अंशांना वितळतं, आणखी तापवलं की पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्रभर थंडी-तापाने कुडकुडायला होतं. मी एकदा कुडकुडलोय. शिवाय आत जुनं ग्रीस आहे, ते पेटतं. गंज सोडवायचं तेल मारा आणि एक दिवस विसरून जा. घाईने सुटलेल्या पिनांपेक्षा विसरल्यामुळे सुटलेल्या पिना माझ्याकडे जास्त आहेत.

धुरळा

अपडेट. दांडा आता घोडीवर आहे, शिवाय शेजारी लाकडी ओंडके. ठोकळे काढताना मधल्याला आडवी चीर गेलेली दिसली. ताई, धन्यवाद. पोटात गोळा आला.

खडूचा निकाल: प्रत्येक फेऱ्याला कट्ट, हँडल बरोबर खाली आलं की. लहान गिअरचे सलग तीन दाते मुळापासून गेलेत. दाते मोजले, लहानाला १२ (गेलेले धरून) आणि मोठ्याला २४. मोठ्याच्या दोन दात्यांच्या कडा झिजल्यात.

पिन मात्र शाबूत आहे. म्हणजे ती मूळ पिन नाही. तीन वर्षांपूर्वी तिथली पोकळ पिन तुटली होती, तेव्हा मी १२.९ छापाचा ॲलन बोल्ट ठोकून बसवला. म्हटलं आता तुटायची बातच नको.

जुनं खोड

तुटायची बात पिनेने सोडली, मग गिअरने धरली.

ती पोकळ पिन कच्ची असते ती मुद्दाम. घरातल्या फ्यूजच्या तारेचं काम करते ती. जोर हद्दीबाहेर गेला की पिन कापली जाते आणि बाकीचं वाचतं. तुम्ही फ्यूजच्या जागी जाड तार लावलीत. तुमची पहिली पिन तुटली होती तेव्हाच जॅक काहीतरी सांगत होता.

नटबोल्ट

पण पिन तुटली की ट्रेलर धाडकन खाली नाही येणार?

लेथवाली

नाही. प्रश्न चांगला आहे, नवा घ्या म्हणण्यापेक्षा कितीतरी बरा. ही पिन फक्त फिरवण्याचा जोर पुढे देते, वजन पेलत नाही. वजन पेलतो स्क्रू. त्याच्या आट्यांचा चढ जेमतेम ४ अंशांचा असतो. एवढ्या बेताच्या चढावरून नट आपोआप घसरत नाही, घर्षणच त्याला धरून ठेवतं. म्हणून तर गिअरचे दाते तुटूनही धुरळाभाऊंचा ट्रेलर जागेवर राहिला. धाडकन येतो तो नटाचे आटे झिजून सुरीसारखे झाले की. तेव्हा नट तपासायचाच आहे.

पण मला वेगळीच शंका आहे. हँडल आधी जड झालं, दाते नंतर तुटले. जड का झालं? गिअर बदलून मूळ कारण तसंच राहिलं तर नवे दातेही जातील. बेअरिंग बघा.

धुरळा

बेअरिंग कुठे असतं? वजन वरून खाली येतं, म्हणजे मोठ्या गिअरच्या वर शोधायला हवं ना? वर काहीच नाही.

लेथवाली

उलटं आहे. ट्रेलर खाली दाबतो हे खरं, पण जमीन पायाला वर ढकलते, पाय नटाला, नट स्क्रूला. स्क्रू बिचारा सतत वर घुसायला बघतो. त्याला अडवते गिअरखालची आडवी जाड पट्टी. त्या पट्टीच्या खालून, पट्टी आणि स्क्रूची कॉलर यांच्यामध्ये, छर्‍यांचं चपटं बेअरिंग असतं. त्याचा चुरा झाला की स्क्रू तेवढा वर सरकतो, मोठा गिअर लहानाच्या अंगात घुसतो आणि हँडल जड होतं. पुढचं तुम्ही करून दाखवलंच आहे.

काढायचं असं: लहान गिअरचा बोल्ट ठोकून काढा, आडवा दांडा बाजूने ओढा. मग मोठ्या गिअरची पिन. ती निघाली की स्क्रूसकट आतली नळी खालच्या बाजूने निघते. ती पिन काढताना नळीखाली आधार हवाच, नाहीतर सगळं पायावर येईल.

धुरळा

रविवारचा वृत्तांत.

बोल्ट निघायला सव्वा तास लागला. दांड्यात बसून बसून मधोमध वाकला होता, त्यामुळे सरळ भोकातून बाहेर येईना. शेवटी दोन्ही टोकं ग्राइंडरने सपाट केली, पंच लावला आणि खालून लोखंडाचा आधार देऊन ठोकला. आधार दिला नव्हता तोवर प्रत्येक घाव वाया जात होता.

मोठ्या गिअरची पिन मात्र तीन घावांत निघाली आणि आतली नळी सुटली. खाली जॅकचाच तळवा लाकडावर टेकवून ठेवला होता म्हणून बोट वाचलं.

नळी बाहेर काढून पालथी केली तर आधी तांबूस पाणी आलं, पेलाभर तरी असेल. मग सात-आठ छर्रे, काही अर्धे फुटलेले. त्यांना धरून ठेवणारी जाळी तर नव्हतीच, नुसती गंजाची पूड. वरच्या चकतीवर गोल वाट सोडून खड्डे पडलेत. ती पुसल्यावर कडेला आकडा दिसला, ५११०४.

नळीच्या तळाला पाणी जायला भोक आहे हे आजच कळलं. चिखलाने गच्च बुजलेलं होतं. वरून पिशवीतून पाणी आत, खालून वाट बंद.

स्क्रू डिझेलने धुतला. दहा आटे मोजले तर ५० मिमी, म्हणजे एका आट्याला ५. नटात घालून वर-खाली हलवला, हाताला जेमतेम जाणवेल एवढीच ढिलाई आहे. आट्यांचा माथा सपाट आहे, धार आलेली नाही. चालेल का?

आणि तुटलेल्या दात्यांवर वेल्डिंगचा भर टाकून घासून दाते करता येतील का? हात बरा आहे माझा.

लेथवाली

स्क्रू आणि नट चालतील. स्क्रू सपाट फरशीवर लोळवून बघा, उड्या मारत असेल तर वाकलाय.

दात्यांचं नको. हात कितीही बरा असला तरी तिरक्या दात्याचा आकार टोकाकडे बारीक होत जातो, तो डोळ्याने घासून जमत नाही, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचे दातेही जातात. जोडीच बदला. नवा लहान गिअर झिजलेल्या मोठ्यावर लावला तर त्याच कडा त्याला खातील. जोडी घेताना दाते १२ आणि २४, दोन्ही भोकांची मापं आणि पिनेच्या भोकाची जागा जुळवा.

५११०४ म्हणजे आतून २० मिमी, बाहेरून ३५, जाडी १०. सहज मिळणारं बेअरिंग आहे. बसवताना एक गंमत लक्षात ठेवा. दोन्ही चकत्या सारख्या दिसतात, पण नसतात. एकीचं भोक २० आहे, ती स्क्रूवर घट्ट बसते. दुसरीचं २१, ती सैल असते. घट्ट चकती खाली कॉलरवर, कारण ती स्क्रूबरोबर फिरते. मग छर्रे. मग सैल चकती, पट्टीला टेकून. उलट बसवलंत तरी जॅक फिरेल, पण जी फिरायला नको ती चकती स्क्रूबरोबर पट्टीवर घासत राहील.

पंक्चर

ग्रीस कोणतं? मी तर ठासून भरतो.

जुनं खोड

लिथियमचं, २ नंबरचं पुरे. ठासून भरू नये, नळीतल्या ग्रीसमध्ये माती रुतली की ते पॉलिश पेपरचं काम करतं. बेअरिंगला सढळ हाताने, गिअरच्या दात्यांना बोटाने, आणि स्क्रूला पातळ थर, आट्यांच्या खाचेत जाईल असा. जुनं मात्र पूर्ण धुऊन कोरडं केल्यावरच.

आणि पिन पोकळ स्प्रिंगचीच. ६ मिमीच्या भोकाची पिन मोकळी असताना ६ पेक्षा किंचित जाड असते, ठोकताना आवळली जाते आणि त्याच ताणाने आत धरून बसते. सैल जाणारी पिन दिसली तर ती चुकीची आहे. दोन जास्तीच्या आणा, एक जॅकलाच तारेने बांधून ठेवा.

धुरळा

अपडेट. स्क्रू सरळ आहे. नवी जोडी, बेअरिंग, पिना बसवल्या. तळाचं भोक तारेने मोकळं केलं. झाकण म्हणून पत्र्याची चकती कापून रबराच्या पट्टीवर दोन स्क्रूंनी लावली. पिशवी निवृत्त.

रिकामा असतानाच मोजलं: हँडलचे २० फेरे, पाय ५० मिमी. दोन फेऱ्यांना एक आटा, हिशोब जुळला. कुठेही कट्ट नाही. मग घोडी जागेवरच ठेवून रिकाम्या ट्रेलरचं वजन दिलं, बोटभर उचललं, तासभर तसंच ठेवलं. खडूची खूण जागची हलली नाही. हँडल एका हाताने फिरतंय.

फक्त सगळं बसवून झाल्यावर ताटात एक पातळ वायसर उरलाय. चकाकणारा, साधारण १ मिमी जाडीचा. आडव्या दांड्यावर सैल जातो. काम तर नीट होतंय, मग राहू द्यावा का?

नटबोल्ट

प्रत्येक दुरुस्तीत एक वायसर उरतोच. जपून ठेवा, शुभ असतं.

लेथवाली

अजिबात राहू देऊ नका. तो लहान गिअरच्या पाठीमागे असतो, गिअर आत किती जाईल ते तोच ठरवतो. तो नसेल तर दाते पूर्ण खोलीने पकडत नाहीत, टोकाटोकाने ओढतात. रिकाम्या ट्रेलरला कळणार नाही. भरलेला उचललात की पुन्हा तीन दाते.

झाकण काढा आणि मोठा गिअर हाताने धरून हँडल पुढे-मागे हलवून बघा. अगदी थोडी चाल हवी. खडखड वाजत असेल तर वायसर तिथलाच.

धुरळा

खडखड वाजतंय.

उघडतोय परत. आज मंगळवार आहे, रविवार संपला.