विषय: शनिवारची गस्ती बोट – चौथ्या जागेचं काय?

मुग्धा, बुधवार, रात्री ९:४०

मंडळी,
केदार शनिवारी पॉवरबोटींच्या रेसच्या गस्तीला येत नाहीये, खांदा अजून उचलत नाही त्याचा. म्हणजे बोट ३ वर स्किपर अप्पा, नजर ठेवायला मी आणि रेडिओवर कोणीच नाही. आयोजकांना उद्या संध्याकाळपर्यंत नावं हवीत. रेडिओचं प्रशिक्षण झालेल्यांनीच कळवा. या वेळी आपला टापू दुसऱ्या वळणाच्या बोयापासून (पाण्यावरच्या तरंगत्या खुणेपासून) धक्क्यापर्यंत आहे, आणि बघ्यांच्या बोटी नेमक्या तिथूनच आत घुसतात.

ब्रीफिंग सकाळी ७ ला. ब्रीफिंग चुकवलं तर बोटीवर जागा नाही.

मुग्धा

---

प्रसाद, बुधवार, रात्री १०:१५

मुग्धा, रेडिओ मला येत नाही, पण चौथी जागा रिकामी असेल तर मी येतो. अंकासाठी पाण्यावरून काढलेला एकही चांगला फोटो आपल्याकडे नाही. दरवेळी धक्क्यावरून काढतो आणि बोटी ठिपक्याएवढ्या दिसतात. बोटीच्या पाटीवर ५ माणसं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय, म्हणजे वजनाचा प्रश्न नाही. एका कोपऱ्यात बसेन, कोणाच्या मध्ये येणार नाही. ईशालाही यायचं आहे, ती उत्तम पोहते.

---

शिल्पा, गुरुवार, सकाळी ७:०५

नावं क्रीडा समितीकडून जातात, हे पुन्हा सांगते. मुग्धा, तू आयोजकांना परस्पर कळवू नकोस. मागच्या वेळी दोन याद्या गेल्या आणि धक्क्यावर पास कमी पडले. यादी मला पाठवा, मी पुढे पाठवते.

प्रसाद, ईशाचं वय १८ च्या आत आहे. रेसच्या दिवशी पाण्यावर फक्त सज्ञान माणसं घेतात. हा नियम आयोजकांचा आहे, आपला नाही.

शिल्पा

---

अप्पा, गुरुवार, सकाळी ८:३०

> चौथी जागा रिकामी असेल तर

प्रसाद, ती जागा रिकामी नाही, राखलेली आहे. पाण्यातून ज्याला वर काढू, त्याची.

पाटीवरचा आकडा ही वरची मर्यादा असते, आणि ती शांत पाण्यात नीट बसलेल्या माणसांसाठी. भिजलेला, घाबरलेला, कदाचित जखमी माणूस बसत नाही, तो आडवा होतो. त्याच्याजवळ एकाला गुडघे टेकून राहावं लागतं. आपण तिघं आणि आडवा तो, एवढ्यात ती बोट भरते. तुझ्या कॅमेऱ्याची पेटी तळाशी असली तर मी त्याला ठेवू कुठे?

दुसरं, गस्ती बोटीवरून रेस दिसत नाही. दिसली तर आपलं काम चुकतंय असं समजायचं. तोंड बाहेरच्या बाजूला असतं. रेसच्या आतल्या अपघाताला रेस्क्यू बोटी आहेत, त्यांच्यावर पाणबुडे आहेत, डॉक्टर आहे. आपलं काम बाहेरचं पाणी मोकळं आणि सपाट ठेवायचं.

सपाट का म्हणतो ते सांगतो. दिदिए पिरोनी १९८२ साली फॉर्म्युला वनच्या विजेतेपदात दुसरा आला होता, फेरारीचा ड्रायव्हर. पायांच्या दुखापतीनंतर तो पॉवरबोटींकडे वळला. २३ ऑगस्ट १९८७ ला इंग्लंडच्या आयल ऑफ वाइट बेटाजवळच्या रेसमध्ये त्याची बोट एका तेलवाहू जहाजाने उठवलेल्या लाटांवर आदळली आणि उलटली. पिरोनी गेला आणि बरोबरचे दोघंही गेले. बोटीत बिघाड नव्हता, टक्कर झाली नव्हती. जहाज पुढे निघून गेलं होतं, त्याची लाट राहिली होती.

ताशी २०० किलोमीटरने जाणारी बोट एका सेकंदात ५५ मीटर कापते. त्या वेगाला बोटीचा तळ पाण्याला जेमतेम टेकलेला असतो. नाळेखाली, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाखाली, एक लाट आली की हवा आत शिरते आणि पुढचा भाग वर उचलला जातो. कोणीतरी हौशी माणूस बोयाच्या बाहेरून का होईना, जोरात बोट हाकत गेला, तर त्याची लाट आत पोचायला काही वेळ लागतो, पण ती पोचते. म्हणून त्याला लांबूनच गाठायचं. त्याला पाहायला तीन जोड्या डोळे पुरत नाहीत, आणि त्यातली एक जोडी लेन्सला लावलेली मला चालणार नाही.

मागच्या रेसची ती निळ्या शिडाची बोट मुग्धाने पाहिली म्हणून वळवता आली. तेव्हा बाकी सगळे धक्क्याकडे बघत होते.

अप्पा

---

नाना, गुरुवार, सकाळी ९:५०

अप्पांनी लाटेचं अगदी बरोबर लिहिलं. पाण्यावर वेगाचे विक्रम करणाऱ्या डोनाल्ड कॅम्पबेलचंही तेच झालं. ४ जानेवारी १९६७, इंग्लंडमधलं कॉनिस्टन वॉटर तळं. पहिली फेरी झाली, पाणी शांत व्हायची वाट न बघता लगेच परत फिरला आणि स्वतःच्याच लाटेवर गेला. वेग ताशी ५०० किलोमीटरच्या पुढे होता. बोट हवेत उलटली.

या खेळात पाण्याचा लहरीपणा पहिल्यापासून आहे. १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये मोटरबोटींच्या तीन शर्यती झाल्या आणि हवा इतकी खराब होती की प्रत्येक शर्यतीत एकच बोट शेवटपर्यंत पोचली. त्यानंतर ऑलिंपिकमध्ये हा खेळ परत आला नाही.

---

मिलिंद, गुरुवार, सकाळी १०:३०

नाना, कॅम्पबेलचं कारण तुम्ही लिहिता तितकं ठरलेलं नाही. लाट हे एक कारण सांगतात. परतीच्या फेरीत इंजिनाचा जोर गेला असावा आणि त्यामुळे नाळ वर आली, असंही जाणकार मानतात. बोट २००१ मध्ये तळातून वर काढली, तरी वाद मिटला नाही. पिरोनीचं उदाहरण पुरेसं आहे. त्याला कॅम्पबेल जोडला की नवी मंडळी दोन्ही गोष्टी सारख्याच पक्क्या समजतील.

---

नाना, गुरुवार, सकाळी १०:४५

कारण काहीही असो, पाणी बसू द्यायला हवं होतं हे तर खरं ना? माझं म्हणणं एवढंच.

---

प्रसाद, गुरुवार, दुपारी १२:२०

अप्पा, राखलेल्या जागेचं पटलं. ईशाचा विषयही सोडला. पण एक विचारतो. अपघात झालाच आणि आपली बोट सगळ्यात जवळ असली, तरी आपण तिथेच उभं राहायचं? समोर माणूस पाण्यात असताना? चार हात असलेले बरे नाहीत का?

---

अप्पा, गुरुवार, दुपारी १:१०

> तरी आपण तिथेच उभं राहायचं?

हो. रेस कंट्रोलने नाव घेऊन सांगेपर्यंत जागा सोडायची नाही. मनाला फार जड जातं, मला ठाऊक आहे.

लाल झेंडा लागला तरी सगळ्या बोटी त्या क्षणी थांबत नाहीत. मागून येणाऱ्याला वळणापलीकडचं दिसत नाही. आपण मधे धावलो तर त्याच्या वाटेत दुसरी बोट उभी केली, आणि आपली लाट थेट त्या पाण्यातल्या माणसावर सोडली. शिवाय आपण जागा सोडली की मागे फट पडते. अपघात झाला की बघे पुढे सरकतात, दरवेळी सरकतात. रेस्क्यू बोटीला यायला मोकळी वाट मिळाली नाही तर तिच्यावरचा डॉक्टर काय करणार?

बंद कॉकपिटच्या बोटी उलटल्या तर आत ड्रायव्हर पट्ट्यांनी बांधलेला असतो. श्वासाला हवेची नळी असते, आणि पाण्याखाली उलटं लटकून बाहेर येण्याची परीक्षा दिल्याशिवाय त्यांना रेसला उभंच करत नाहीत. त्याला काढणं हे पाणबुड्यांचं काम. मानेला मार असेल आणि आपण खांद्याला धरून ओढलं, तर वाचलेला माणूस जन्माचा अधू होईल.

कंट्रोलने आपल्याला बोलावलंच तर हळू जायचं, माणूस आपल्या बाजूला, नजरेसमोर ठेवायचा, आणि तो हाताशी आला की इंजिन बंद. न्यूट्रल नाही, बंद. पंख्याजवळ माणूस असताना न्यूट्रलवर मी विश्वास ठेवत नाही.

---

निखिल, गुरुवार, दुपारी २:००

मुग्धाताई, रेडिओवर मी येतो. केदारबरोबर माझंही प्रशिक्षण झालं होतं. दोन प्रश्न. रेसचा चॅनेल कोणता? आणि १६ पण ऐकत राहायचं का?

---

मुग्धा, गुरुवार, दुपारी २:४०

निखिल, फार बरं झालं! रेसचा चॅनेल ब्रीफिंगमध्ये देतात, आधी सांगत नाहीत. १६ हा संकटाचा आणि हाक मारायचा चॅनेल, त्यावर गप्पा नाहीत. १६ दुसऱ्या सेटवर कानावर राहील, अप्पांच्या बाजूला. तू फक्त रेसचा सांभाळ.

बटण दाबल्यावर क्षणभर थांबून मग बोल, नाहीतर पहिला शब्द तुटतो, आणि पहिला शब्द म्हणजे बोटीचा नंबर असतो. बोलून झालं की बटण खरंच सुटलंय ना ते बघ. त्या चॅनेलवर एका वेळी एकच बोलू शकतो. बटण मांडीखाली दाबलेलं राहिलं तर सगळ्या रेसचा आवाज बंद होतो आणि ते कोणाचं, हे शोधायलाही रेडिओ उरत नाही.

जागा सांगताना "तिकडे" वगैरे नको. बोयाचा नंबर, आत की बाहेर, आणि माणूस दिसतोय की नाही, एवढं.

---

शिल्पा, गुरुवार, दुपारी ३:१५

निखिलचं नाव घेतलं. यादी: अप्पा, मुग्धा, निखिल. आता बदल नाही.

लाइफ जॅकेट कोण आणतंय? मंडळाच्या कपाटात सहलीची नारिंगी जॅकेटं आहेत, बरीच आहेत. तीच घ्या.

---

वैशाली, गुरुवार, संध्याकाळी ५:३०

शिल्पाताई, ती नारिंगी घेऊ नका, कळकळीने सांगते. मी ती पाहिली आहेत, ५० न्यूटनची आहेत, म्हणजे तरंगत ठेवण्याचा जोर तेवढाच. शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला मदत म्हणून ती ठीक. बेशुद्ध माणूस पालथा पडला तर ती त्याला उताणा करत नाहीत. १५० न्यूटनची त्यासाठीच बनवलेली असतात, तोंड पाण्याबाहेर राहावं म्हणून. मांड्यांमधून जाणारा पट्टाही बांधायचा, नाहीतर जॅकेट वर सरकतं आणि माणूस खाली राहतो.

आणि "उत्तम पोहते" हे कोणी कोणाबद्दलही म्हटलं की डॉक्टर म्हणून मला काळजी वाटते. पाणी १५ अंशांच्या खाली असेल तर पडल्यापडल्या आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, तो थांबवता येत नाही. तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. आम्ही १-१०-१ असं शिकवतो. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, साधारण १० मिनिटं हातपाय उपयोगी चालतात, आणि गारठून शुद्ध हरपायला १ तासाच्या आसपास लागतो. म्हणजे माणूस थंडीने मरण्याच्या कितीतरी आधी त्याची बोटं दोर धरेनाशी होतात. दोर फेकून "धर" म्हणत बसू नका. जवळ जा.

बराच वेळ पाण्यात असलेल्याला वर घेताना शक्यतो आडवं घ्या. उभं खेचलं तर रक्तदाब एकदम पडू शकतो.

---

शिल्पा, गुरुवार, संध्याकाळी ६:००

वैशाली, पण १५० ची आपल्याकडे दोनच आहेत ना? गॅसवाली?

---

अप्पा, गुरुवार, संध्याकाळी ६:४०

माझं स्वतःचं आहे, म्हणजे तीन झाली. चौथं आयोजकांकडून मागून घ्या, वर काढलेल्या माणसासाठी. त्याला पुन्हा पाण्यात पडायचा धोका असतोच.

गॅसवाल्यांची तपासणी मात्र झालीच पाहिजे. सिलिंडर आट्यांवर सैल होतो. तो काढून वजन करायचा. किमान वजन त्याच्यावरच कोरलेलं असतं, त्यापेक्षा कमी भरला तर तो वापरलेला आहे किंवा गळतोय. आपोआप फुगणाऱ्यांत पाण्याने विरघळणारी गोळी असते, तिची मुदत बघा. तोंडाने फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ पडलं तर ते बाद.

किल कॉर्डही (निसटली की इंजिन बंद करणारी दोरी) दोन हव्यात. एक माझ्या पायाला. मी पाण्यात पडलो तर इंजिन बंद होईल, ते बरोबरच आहे. पण मग मला उचलायला बोट सुरू कोण आणि कशी करणार? दुसरी कॉर्ड मुग्धाच्या खिशात, बोटीच्या कप्प्यात नाही.

---

प्रसाद, गुरुवार, संध्याकाळी ७:३०

मी वळणासमोरच्या धक्क्याच्या टोकाला उभा राहतो, तिथून लेन्स पोचेल. शिल्पाताई, किनाऱ्यावरचा पास माझ्या नावे घ्याल का? आणि एक सुचलं. तिथून मला बोटींच्या मागचं पाणी दिसतं. कोणी आत शिरताना दिसलं तर निखिलला फोन करू का?

---

मुग्धा, गुरुवार, संध्याकाळी ७:५०

फोन नको, इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही आणि निखिलचा हात रेडिओवर हवा. धक्क्याच्या टोकाला आयोजकांचा मार्शल असतो, त्याच्याकडे रेडिओ आहे. त्याच्या शेजारी उभा राहा आणि त्याला सांग. त्याचा खरंच उपयोग होईल, प्रसाद. ऊन समोरून असलं की आम्हाला चकाकीमुळे त्या बाजूचं काही दिसत नाही.

---

नाना, गुरुवार, रात्री ८:२०

चकाकीसाठी पोलराइज्ड चष्मे घ्या. माझ्याकडे दोन आहेत, कोणाला हवेत?

---

निखिल, गुरुवार, रात्री ८:३५

नाना, एक मला.

---

शिल्पा, गुरुवार, रात्री ९:१०

प्रसादचा पास सांगितला. चौथं जॅकेट आयोजक देतायत, ब्रीफिंगला मिळेल. कपाटाची किल्ली केदारकडेच राहिली आहे. मुग्धा, उद्या दुपारी ती घे, म्हणजे सिलिंडरचं वजन आणि गोळ्यांची मुदत उद्याच बघून होईल आणि रात्रभर फुगवूनही ठेवता येईल. एखादं बाद निघालं तर रात्री ९ च्या आत मला कळव, आयोजकांकडे आणखी एक मागायला तेवढाच वेळ आहे.