मदत हवी आहे: जुनं जंगल काढून काजू लावला तर मातीतला सेंद्रिय कर्ब टिकतो का?

नमस्कार मंडळी, लांजा तालुक्यात आमची सामायिक डोंगरउताराची जमीन आहे. वरच्या अंगाला ऐन, किंजळ, कुंभा, मधेमधे जांभूळ असं जुनं जंगल. तिथून राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजायला) कवळ म्हणजे पाल्याच्या फांद्या तोडायचे पण झाड कधी कोणी पाडलं नाही. त्याच्या खालचा तुकडा वरकस म्हणजे हलक्या उताराच्या जमिनीचा, पूर्वी नाचणी-वरी व्हायची, आता वेंगुर्ला-4 जातीचा काजू आहे, चांगला मोठा झालाय. आता काकांचं म्हणणं की वरचं पण जेसीबीने साफ करून, पेटवून, टप्पे पाडून काजूच लावूया, झाडाच्या जागी झाडच येतंय ना मग जमिनीचं काय बिघडणार. पावसाच्या आत ठरणार आहे म्हणून घाईत विचारतेय.

मी दोन्हीकडची माती तपासून आणली. जंगलातला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-मुळांतून मातीत येणारा कार्बन) 2 टक्क्यांच्या वर, काजूखालचा 1 च्या जरासा वर. पण रिपोर्टवर दोघांपुढे शेरा एकच, "अत्यंत जास्त", कारण आपल्याकडच्या कोष्टकात 1 च्या पुढे पायरीच नाही! काका तोच शेरा दाखवतात. पण जंगलात पातेरा (गळलेला सुका पाला) बाजूला केला की खाली पांढरी बुरशीची जाळी, केसासारखी मुळं आणि रवाळ काळपट माती लागते, हात घातला की आत जातो. काजूखाली बोटभर तपकिरी थर आणि लगेच जांभ्याची खडी, पहिल्या पावसात तिथून तांबडं पाणी वाहतं ते वेगळंच. बी वेचायला सोपं जावं म्हणून दरवर्षी पातेरा गोळा करून जाळतात, त्याचाही परिणाम असेल का? आणि मुख्य म्हणजे जंगल काढल्यावर हा कर्ब किती झपाट्याने जातो, नंतर शेणखत घालून भरून येतो का? काकांना पटेल असं काहीतरी हवंय, नुसतं "पर्यावरण" म्हटलं की ते ऐकत नाहीत.

मातीमित्र:
ताई, झाडाच्या जागी झाड हा मुद्दाच टिकत नाही. उष्ण कटिबंधातल्या 385 अभ्यासांचा एकत्र आढावा 2011 ला आला होता, त्यात मूळ जंगल काढून शेती केली तिथे मातीतला कर्ब सरासरी 25 टक्के घटला आणि बहुवार्षिक पिकं लावली तिथे 30 टक्के, म्हणजे कायमची लागवड केली म्हणून जमीन वाचते असं काही दिसलं नाही. आपल्याकडे ऊन आणि ओल दोन्ही भरपूर, त्यामुळे पावसाळ्यात कुजणं जोरात चालतं. जंगलात वरून पातेरा आणि खालून मुळं सतत भर घालतात म्हणून साठा टिकतो, ती भर थांबली आणि उतार उघडा पडला की पहिली काही वर्षंच सगळ्यात जास्त नुकसान करतात. त्यात जेसीबीने टप्पे पाडले म्हणजे वरची चांगली माती खाली गाडली जाते आणि मुरूम वर येतो.

काकांना खताच्या भाषेत सांगा. जांभ्याच्या मातीतली चिकणमाती मुख्यतः केओलिनाइट नावाच्या खनिजाची, ती अन्नद्रव्यं फार धरून ठेवू शकत नाही, ते काम बहुतेक सेंद्रिय पदार्थच करतात. शिवाय लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं स्फुरद (फॉस्फरस) घट्ट बांधून टाकतात, सेंद्रिय पदार्थ असले की तो थोडा मोकळा राहतो. कर्ब गेला की खताचा खर्च वाढतोच वाढतो. पातेरा जाळणं मात्र आजच बंद करा, बी वेचायच्या आधी झाडाखालून ओढून बाजूला ढीग लावा आणि नंतर परत आळ्यात पसरा, बांधावर गिरीपुष्प लावून त्याचा पाला घाला. भर घातली की कर्ब परत वाढतो, पण त्याला वर्षानुवर्षं लागतात, एकदोन ट्रॉली शेणखताचं ते काम नाही.

कातळकरी:
एक राहिलं. लॅबमध्ये माती 2 मिमी चाळणीतून गाळतात, खडी फेकून देतात आणि टक्केवारी फक्त बारीक मातीची येते. काजूखाली खडी जास्त असेल तर एकरी साठा रिपोर्टपेक्षा अजून कमी आहे. ठरावीक मापाचा पाइप ठोकून दोन्हीकडची माती काढा, वाळवा, चाळा, खडी आणि माती वेगवेगळी तोला.

धागाकर्ती:
दोघांनाही मनापासून धन्यवाद, हे खडीचं तर कोणी सांगितलंच नव्हतं. शनिवारी काकांना घेऊनच माती काढते, त्यांच्या हातानेच तोलून घेते. अजून एक, जंगल न तोडता खालच्याच बागेत घनदाटी कमी करून उत्पन्न वाढवलंय असं कोणी आहे का इथे? छाटणी कधी आणि किती केलीत ते सविस्तर लिहा प्लीज, काकांपुढे ठेवायला दुसरा पर्याय हवा आहे.