पोट, दंड, मांड्या, हनुवटी – सगळं एकाच दिवशी लायपो करून घ्यावं का?

वाटाणा_उसळ

नमस्कार. वय ४२, उंची पाच फूट दोन, वजन ६९. नाशिकला शाळेत शिकवते. दोन्ही सीझर. धाकटी नऊ वर्षांची झाली, तरी गेल्या महिन्यात बसमध्ये एका आजींनी उठून मला जागा दिली. "बस गं, अशा दिवसांत उभं राहू नये." मी बसले. काय सांगणार?

चालणं दोन वर्षं चालू आहे. ७६ वरून ६९ वर आले. पोट मात्र जिथल्या तिथे, टाक्यांवर पदरासारखं लोंबतं. दंडांचं तर असं की ब्लाउजला बाहीचं कापड पुरत नाही म्हणून शिवणारी ताई दरवेळी कुरकुरते.

शेवटी लायपोसाठी (लायपोसक्शन, नळीने चरबी ओढून काढतात ते) एका कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये जाऊन आले. डॉक्टर भेटलेच नाहीत. काउन्सेलर मुलीने टॅबवर चित्र काढून चार 'एरिया' मोजले: पोट, दंड, मांड्या, हनुवटी. चारही एकाच दिवशी केले तर सूट, सकाळी या, संध्याकाळी घरी. "दहा किलो तरी उतरतील मॅडम, आणि तुमची साखरही." (साखर बॉर्डरवर आहे.) सूट महिनाअखेरपर्यंतच. नवरा म्हणतो, "तुला हवं तर कर." त्यातलं 'हवं तर' मला अजून कळलेलं नाही.

कोणी केलंय का? खरंखुरं सांगा.

जुनी_पेशंट

मी केलंय. पोट आणि कमरेच्या बाजू, चार वर्षांपूर्वी, पुण्यात. वयाने थोरली आहे म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

आधी एक कर. रात्री उताणी झोप, गुडघे मोड आणि पोट चिमटीत धर. हातात येते ती कातडीखालची चरबी, लायपोची नळी फक्त तिथे फिरते. आतड्यांभोवतीची चरबी स्नायूंच्या पलीकडे, तिथे नळी जातच नाही. मग मान थोडी उचल आणि बेंबीच्या वर-खाली मधोमध बोटं दाब. बोटं खळग्यात गेली तर बाळंतपणात पोटाचे स्नायू फाकलेत. तो फुगवटा लायपोने जात नाही. आणि पदरासारखं लोंबतं म्हणतेस ना, त्यात सैल कातडी बरीच असणार. आतली चरबी गेली की ती रिकाम्या पिशवीसारखी दिसते. त्याला टमी टक लागतं: जादा कातडी कापायची, स्नायू शिवायचे, बेंबी नव्या जागी बसवायची. व्रण कमरेच्या या हाडापासून त्या हाडापर्यंत. हे त्या मुलीने सांगितलं का?

दहा किलो विसर. माझं तीन लिटर निघालं. सिस्टरने बरणी दाखवली, वर पिवळं, खाली गुलाबी पाणी. म्हणजे तीन लिटरही सगळी चरबी नव्हेच. तिसऱ्या दिवशी काट्यावर उभी राहिले तर सुजेमुळे वजन दीड किलो जास्त! रडले.

नळीची भोकं मुद्दाम न शिवता ठेवतात, लायपोआधी आत भरलेलं पाणी वाहून जावं म्हणून. गाडीच्या सीटवर प्लॅस्टिक, त्यावर जुनी सतरंजी, तरी ओल खालपर्यंत गेली. पहिल्यांदा प्रेशर गारमेंट (सूज दाबून धरणारा घट्ट कपडा) काढलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. सासूबाईंनी धरलं म्हणून बाथरूममध्ये पडले नाही. (त्यांना हर्निया सांगितला होता. अजून शेजारी सांगतात, सुनेचा हर्निया.) सहा आठवडे ते गारमेंट, तेही एप्रिलमध्ये. घामोळ्यांनी जीव नको केला. बेंबीखाली पाच महिने बधिर होतं आणि उजव्या कुशीत एक खळगा कायमचा राहिलाय.

तरी पस्तावले नाही. पण पुन्हा करायचं झालं तर थंडीत करेन.

भूलघरातली_सिस्टर

ऑपरेशन थिएटरमध्ये सतरा वर्षं झाली. मला चार एरिया एका दिवशी हेच खटकलं.

लायपोआधी कातडीखाली सलाइन भरतात, त्यात लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) आणि अ‍ॅड्रेनलिन. अ‍ॅड्रेनलिनने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी जातं. कॅलिफोर्नियाच्या डॉ. जेफ्री क्लाइन यांनी १९८७ मध्ये ही पद्धत मांडली. आता हिशेब करा. या पद्धतीत लिग्नोकेनची नेहमीची मर्यादा किलोमागे ३५ मिलिग्रॅम, म्हणजे तुम्हाला साधारण २,४०० मिलिग्रॅम. लिटरमागे ५०० घातलं तरी पाच लिटरच्या आत कोटा संपला. त्यात पोट, दोन दंड, दोन मांड्या कशा बसवणार? शिवाय हे औषध रक्तात हळूहळू उतरतं, सर्वांत जास्त पातळी साधारण बारा तासांनी. सकाळी केलं तर रात्री, तुम्ही घरी झोपलेल्या असताना.

पूर्ण भूल दिली तर लिग्नोकेन कमी घालता येतं. मग भूलतज्ज्ञ कोण, हे विचारा. पाच लिटरपेक्षा जास्त काढणार असतील तर रात्रभर अ‍ॅडमिट ठेवायला हवं. सर्जनची डिग्री प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी आहे का तेही बघा.

साखरेचं म्हणाल तर अमेरिकेत १५ लठ्ठ बायकांच्या पोटातून लायपोने सरासरी १० किलोच्या आसपास चरबी काढून पाहिली होती, २००४ मध्ये छापून आलं. दहा-बारा आठवड्यांनी साखर, इन्सुलिन, बीपी, कोलेस्टेरॉल, काहीच सुधारलं नव्हतं. तुमच्या चालण्याने त्यापेक्षा जास्त काम केलं असेल.

बनियनवाला

पुरुष आहे, छातीचं केलंय. माझ्यात नुसती चरबी नव्हती, गाठही होती, ती वेगळी कापून काढली. फक्त पैशाचं सांगतो: मेडिक्लेम मिळत नाही आणि कॉस्मेटिकवर १८ टक्के जीएसटी लागतो. 'सूट' त्यानंतरची की आधीची, ते लिहून घ्या.

वाटाणा_उसळ

काल रात्री झोपून पाहिलं. अडीच बोटं आत गेली. नवऱ्याला दाखवलं, तो घाबरून म्हणाला, "हे भोक कशाचं?"

क्लिनिकला फोन करून भूलतज्ज्ञांचं विचारलं. "सर बघतील" म्हणाली आणि सूट आठवडाभर वाढवून दिली. नाही म्हणून सांगितलं. शनिवारी एका प्लास्टिक सर्जनची वेळ घेतलीय, फक्त पोट दाखवायला. दंड राहू देत.

जुनी_पेशंट ताई, टमी टकनंतर शिडी चढून फळ्यावर वरपर्यंत लिहायला किती दिवसांनी जमेल? आमचा फळा फार उंच आहे.

जुनी_पेशंट

माझं टमी टक नव्हतं गं, ते सर्जनलाच विचार. पण आमच्या जाऊबाईंचं झालं तेव्हा पहिला आठवडा त्या कमरेत वाकून चालत होत्या. शिडीचं नावच काढू नकोस. मे महिन्याची सुट्टी धर, आणि कूलर आधीच दुरुस्त करून घे.