चांदवेल: उपटायची की राखायची?

रानवाट: पाऊस दगा देतो त्या वर्षीही बांधावर हिरवी दिसते ती चांदवेल. मुळं 6 मीटर आणि त्याहूनही खोल जातात, त्यामुळे वरची माती करपली तरी ती तगते. लोकवैद्यकात तिचं मूळ रेचक म्हणून, पाला जखमेवर वापरतात. शंखपुष्पी ही तिच्याच कुळातली, अगदी जवळची. चरकसंहितेत शंखपुष्पीला मेध्य रसायनांमध्ये, म्हणजे बुद्धी-स्मृतीला बळ देणाऱ्या औषधांमध्ये स्थान आहे. अशा वनस्पतीवर दिसली की तणनाशक फवार, हे मला पटत नाही.

काळीमाती: ज्याच्या गव्हात ही शिरली त्याला विचारा. कोळपलं की मूळ तुटतं आणि बोटभर तुकड्यातून नवी वेल उठते. बी जमिनीत 20 वर्षांहून जास्त टिकतं. कोरड्या वर्षात पिकाच्या वाट्याची ओल तीच ओढते.

वनौषधी: मला काळजी वेगळी आहे. शंखपुष्पी जवळची म्हणून चांदवेलही गुणकारी, हे गणित चुकीचं आहे. याच कुळातल्या स्कॅमनी नावाच्या वेलीच्या मुळाचा राळेसारखा चीक इतका जहाल रेचक आहे की माणूस गळून जातो. चांदवेलीत ट्रोपेन गटातली अल्कलॉइडं, म्हणजे विषारी द्रव्यं असतात. ही वेल खाऊन घोड्यांच्या आतड्यांना त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. शिवाय ती जमिनीतलं क्रोमियम, कॅडमियम, तांबं शोषून घेते; नाल्याकाठची वेल उकळून प्यायली तर काय पोटात जाईल?
शंखपुष्पीसुद्धा निरुपद्रवी समजू नका. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिचं सिरप वारंवार दिलेल्या उंदरांच्या रक्तात फेनिटॉइन या अपस्माराच्या औषधाचं प्रमाण घटलं. औषध चालू असलेल्या रुग्णाला यातून झटके येऊ शकतात. त्यात शंखपुष्पी या नावाखाली विष्णुक्रांता आणि गोकर्ण या दुसऱ्याच वनस्पतीही विकल्या जातात.

रानवाट: काढा प्या, असं मी म्हटलेलंच नाही. पण उंदरांवरच्या प्रयोगात चांदवेलीच्या अर्काने कर्करोगाच्या गाठींची वाढ रोखली होती, आणि तो अर्क विषारी अल्कलॉइडं काढून टाकलेला होता. म्हणजे विष आणि गुण वेगळे करता येतात! हे काम प्रयोगशाळेत पुढे जायला हवं. तोवर पडीक जमिनीवर तिला राहू द्या, माती तरी धरून ठेवेल.

काळीमाती: पडीक जमिनीला लागून कुणाचं तरी शेत असतंच. आडवी मुळं एका हंगामात काही मीटर सरकतात, त्यांना बांध कळत नाही. अभ्यासासाठी हवी असेल तर बंदिस्त वाफ्यात लावा, माझी हरकत नाही. शेताकडेला दिसली तर मी फुलावर येण्याआधीच काढणार, आणि पुन्हा फुटली की पुन्हा.