घरच्या ग्रुपवर ३८१६५४७२९

मी: सगळ्यांनी ही संख्या बघा. ३८१६५४७२९. १ ते ९ प्रत्येक अंक एकदाच. आता डावीकडून एकेक अंक वाढवत चला. ३८ ला २ ने भाग जातो, ३८१ ला ३ ने, ३८१६ ला ४ ने, असं करत पूर्ण संख्येला ९ ने. शेवटी ० लावा, १० नेही जातो!

ताई: ७ चं करून बघितलं. ३८१६५४७ ÷ ७ = ५४५२२१. बाकी शून्य 😮

दादा: अशा पुष्कळ असतील ना?

मी: नाही दादा, एकच. ९ अंकांच्या ३,६२,८८० मांडण्या होतात, त्यात ही एकटी. आणि हे कागदावर सिद्ध होतं, मला त्याचंच कौतुक वाटतं.

नाना: पाचव्या जागी ५ च. शून्य नाही, म्हणजे पर्याय नाही.

मी: बरोबर नाना. २, ४, ६, ८ या जागी सम अंक, बाकीकडे विषम. तिसरा विषम आणि चौकटीत ४ ने भाग, म्हणून चौथा २ किंवा ६. सातवा-आठवा मिळून ८ च्या पाढ्यातले हवेत: १६, ३२, ७२, ९६. म्हणजे आठवाही २ किंवा ६.

आत्या: "चौकटीत" म्हणजे?

मी: चुकून लिहिलं गं आत्या, पहिल्या चार अंकांच्या संख्येत.

आत्या: हं. मग ४ आणि ८ उरले ते दुसऱ्या आणि सहाव्या जागेला. पहिल्या तीनला ३ ने भाग जातो, पहिल्या सहालाही, तर मधल्या तिघांची बेरीजही ३ च्या पाढ्यात यायला हवी. २५८ किंवा ६५४. दुसरं काही बसत नाही.

ताई: थांबा, मला १४७२५८९६३ मिळाली! ८ ने जातो, ९ ने जातो. फोनच्या कीपॅडवरच्या तीन उभ्या रांगा आहेत या, तिसरी खालून वर!

मी: ताई, काय सुंदर सापडलंय! पण १४७२५८९ ला ७ ने भाग दे.

ताई: बाकी ६ 😔

नाना: सगळं ७ वरच अडतं. २, ३, ४, ५, ६, ८, ९ यांच्या कसोट्या अंक बघूनच जागा ठरवतात. ७ ची तशी सोपी कसोटी नाही, भागूनच बघावं लागतं. मी उरलेल्या मांडण्या लिहून काढल्या, पहिल्या सात अंकांचे १० पर्याय निघाले. नऊ ठिकाणी बाकी उरली.

आत्या: दहाच्या दहा भागलेत नाना? 🙏

नाना: हो. ९८७६५४३ सुद्धा त्यात होती. तिथे बाकी ५.

दादा: अंक पुन्हा वापरायची मुभा दिली आणि शून्यही घेतलं, तर किती लांब जाता येईल?

मी: २५ अंकांपर्यंत! ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. पहिल्या ११ अंकांना ११ ने, १२ अंकांना १२ ने, शेवटी पूर्ण संख्येला २५ ने. २५ अंकांची अशी ही एकच.

दादा: आणि २६ वा अंक?

मी: ० ते ९ कुठलाही लाव, २६ ने भाग जात नाही.

ताई: ११ चं मी करते. विषम जागांची बेरीज २४, सम जागांची २४. जातो!

नाना: १३ चं मी घेतो. कुणी १७ घ्या.