होम अलोनचं म्युझिक आणि तुमच्या आठवणी (अनुभव धागा)

धंतोलीकर:
आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी दोन दिवसांपासून कीबोर्डवर एकच ओळ घोटते आहे, क्लासच्या नाताळच्या कार्यक्रमासाठी दिलीय म्हणे. काल कुकर लावता लावता कान टवकारले तर ती 'समव्हेअर इन माय मेमरी'! होम अलोनमधलं, ते पोरगं नाताळात चुकून घरी एकटंच राहतं आणि चोरांना पळवतं तो सिनेमा. झालं, सगळं आठवायला लागलं, बाबांनी भाड्याने आणलेला व्हीसीआर, मामाची मुलं, संत्र्याच्या सालींचा ढीग, एका रजईत आम्ही सगळे. चोर धडाधड पडत होते आणि पोरं लोळून हसत होती, मी मात्र शेवटी आई घरी पोचते तेव्हा रडत होते आणि का रडतेय ते मलाच कळेना. खूप वर्षांनी नीट ऐकलं तेव्हा लक्षात आलं की ती चाल फक्त शेवटी येत नाही, ती आधी टायटललाच आलेली असते, बारीक घंटांसारख्या आवाजात. घर माणसांनी गच्च भरलंय, कोणी कोणाचं ऐकत नाहीये, आणि संगीतकार जॉन विल्यम्स तेव्हापासूनच आपल्याला घराची ओढ लावून ठेवतो. माझं ठाम मत आहे, हे म्युझिक काढलं तर तो नुसता पडापडीचा सिनेमा राहील. तुम्ही कुठे ऐकलंत, कोणाबरोबर, कुठला तुकडा मनात राहिला, लिहा. दुसऱ्या ख्रिसमसच्या सिनेमांचं पण चालेल.

वर्धारोडवाले_भाऊ:
ताई मी तं अजूनही रडतो. शेजारचा म्हातारा मार्ली खिडकीतून दिसते, नातीला उचलून घेते अन् हात हलवते, तिथं संपलं आपलं. मोठा माणूस आहो पण काय करता.

रेल्वे_क्वार्टर:
अजनी कॉलनीत शेजारी एक अँग्लो इंडियन आंटी राहायच्या. त्यांच्याकडे पियानो नव्हता, जुना पायपेटीसारखा हार्मोनियम होता, पायाने भाता हलवायचा. डिसेंबर लागला की त्या त्याच्यावर कॅरोल्स वाजवायच्या आणि आम्हा पोरांना कल्कल, म्हणजे नाताळचा तळलेला गोड खाऊ, द्यायच्या. होम अलोन मी त्यांच्याच घरी पाहिला. चर्चमधला सीन आला तशा त्या टीव्हीबरोबर गायलाच लागल्या, 'ओ होली नाइट', आणि त्यांचे मिस्टर पण, ते गार्ड होते, एरवी एक शब्द बोलायचे नाहीत. सिनेमा कोणी बघेचना मग, सगळे त्यांच्याकडेच बघत होतो. आता दोघंही नाहीत. कल्कल कुठे मिळतात का नागपुरात?

सदरवाली:
@रेल्वे_क्वार्टर मिळतात, २० तारखेनंतर बेकऱ्यांमधे विचारा. पण घरच्यासारखे नाहीत, सांगून ठेवते.

तीन_मात्रा:
मी हार्मोनियम शिकवतो, त्यामुळे थोडं लांबेल. ज्यांच्याकडे पेटी असेल त्यांनी आत्ताच वाजवून बघा. ग रे ग सा. गंधार कोमल, रिषभ शुद्ध. तीन मात्रांत बसवा, ग एक मात्रा, रे ग अर्धी अर्धी, सा एक, आणि थांबू नका, फिरवत राहा. 'कॅरोल ऑफ द बेल्स' हे नाताळचं गाणं तयार. आता तेच चार स्वर खालच्या सप्तकात, संथ, प्रत्येक स्वर ओढून वाजवा. हे 'दिएस इरे', युरोपातल्या चर्चमधलं मृतांसाठीचं शेकडो वर्षं जुनं लॅटिन गान. सिनेमात मार्ली फावडं घेऊन बर्फातून चालतो ना, तेव्हा हेच स्वर ऐकू येतात. पोराला वाटतं हा खुनी आहे. पुढे तोच म्हातारा चर्चमधे त्याच्या शेजारी येऊन बसतो, किती एकटा आहे ते कळतं, आणि तिथे मुलांचा कॉयर काय गातो, तर कॅरोल ऑफ द बेल्स. स्वर तेच, भीती गेली. माझ्या अंगावर अजून काटा येतो. फक्त लय आणि सप्तक बदलून माणसाबद्दलचं आपलं मत बदलून टाकणं हे फार मोठ्या दर्जाचं काम आहे, आणि लोक त्याला मुलांचा सिनेमा म्हणून सोडून देतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

धंतोलीकर:
@तीन_मात्रा सर, कुकर राहिला बाजूला, पेटी काढली माळ्यावरून. सेम आहे!! तेच स्वर!

वर्धारोडवाले_भाऊ:
माह्या पोरीनं सिंथेसायझरवर वाजवून दाखवलं आताच. बाप रे. हे मले आजवर कोणी काहून नाही सांगितलं.

मोहननगरची_आल्टो:
तीन_मात्रा दादा अगदी बरोबर. आम्ही कॉयरमधे हे गाणं दरवर्षी गातो आणि आल्टोवाल्यांचे, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांचे, हाल विचारू नका, वर सोप्रानो ते चार स्वर फिरवत असतात आणि आपल्याला खाली वेगळंच धरून ठेवायचं असतं, जरा कान त्यांच्याकडे गेला की गेलात वाहून. मूळ गाणं युक्रेनचं आहे बरं का, 'श्चेद्रिक', लिओन्तोविच यांनी लोकगीतावरून बांधलं आणि १९१६ मधे कीव्हला पहिल्यांदा गायलं गेलं. त्यात नाताळ नाहीच. एक पाकोळी घरात येते आणि मालकाला सांगते की बाहेर ये, बघ तुझ्या मेंढ्यांना कोकरं झाली, वर्ष चांगलं जाणार. आपल्याकडे वासुदेव सकाळी दारात येऊन घराचं भलं चिंतून जातो तसंच. घंटांचे इंग्रजी शब्द १९३६ चे, विल्हौस्की यांचे. मला ते पाकोळीचंच जास्त आवडतं.

संत्राबर्फी:
सगळे फार अभ्यासू आहेत इथे 🙏 मला एवढंच आठवतं की लाइट गेली होती आणि शेवट पाहायचा राहिला. पुढच्या डिसेंबरपर्यंत थांबले होते.

खामल्याच्या_काकू:
मला संगीतातलं काही कळत नाही पण लिहिते. मुलगा कॅनडात आहे, यंदाही सुट्टी नाही त्याला. तो लहान असताना पंचवीस डिसेंबरला हा सिनेमा टीव्हीवर लागायचा आणि तो पूर्ण वेळ उभ्याने बघायचा. मी स्वयंपाकघरातून नुसतं ऐकायची त्यामुळे मला सीन कमी आणि म्युझिकच जास्त पाठ आहे. ती सकाळी उशीर होऊन सगळ्यांची पळापळ होते ना, तेव्हाचं वेगवान म्युझिक लागलं की मी समजायची आता याला भूक लागेल, पोळ्या टाकायला घ्यायची. आता मोठी झाल्यावर, म्हणजे म्हातारी झाल्यावर, त्या आईचं जास्त दिसतं. विमान मिळत नाही तर ती पोल्का (नाचाच्या धुना) वाजवणाऱ्या लोकांच्या गाडीतून निघते पण निघते. कोणत्याही आईने तेच केलं असतं.

वर्धारोडवाले_भाऊ:
काकू व्हिडिओ कॉलवर लावा ना सिनेमा, दोघं मिळून पाहा. आम्ही भावासोबत तसंच करतो, तो दुबईले आहे.

खामल्याच्या_काकू:
हो रे बाळा, विचारते त्याला. आपल्याकडे संध्याकाळ झाली की तिकडे सकाळ असते, उठायला हवा फक्त.

सेलेस्टा_फॅन:
काकूंनी सांगितलेली ती धावपळीची धून ऐकताना चायकोव्हस्कीचा 'नटक्रॅकर' बॅले आठवतो, त्यातला रशियन नाच. आणि धंतोलीकर ताई, टायटलच्या त्या घंटांसारख्या आवाजात सेलेस्टा आहे. दिसायला छोट्या पियानोसारखी, पण आत तारांऐवजी धातूच्या पट्ट्या, त्यावर हातोड्या पडतात. १८८६ मधे पॅरिसच्या मुस्तेलने बनवली आणि १८९२ च्या नटक्रॅकरमधे चायकोव्हस्कीने वापरली, तेव्हापासून बर्फ आणि जादू म्हटलं की हाच आवाज. विल्यम्सनेच पुढे २००१ मधे हॅरी पॉटरची सुरुवात सेलेस्टावर केली, दिग्दर्शकही होम अलोनचाच, ख्रिस कोलंबस. होम अलोनचं म्युझिक आधी ब्रूस ब्रॉटन करणार होते, त्यांच्याकडे दुसरं काम होतं म्हणून विल्यम्सकडे आलं. ऑस्करला म्युझिक आणि गाणं दोन्हींना नामांकन होतं, गाण्याचे शब्द लेस्ली ब्रिकस यांचे. म्युझिकचं जॉन बॅरीला गेलं. माझ्या मते हे मिळायला हवं होतं.

तीन_मात्रा:
बॅरीचंही काम उत्तम आहे हो. पण मत तुमच्याच बाजूने.

रात्रपाळी_आई:
पटकन लिहिते, बाळ उठेल. माझा ख्रिसमसचा सिनेमा 'द स्नोमॅन', १९८२ चा, ब्रिटिश, अर्ध्या तासाचा. गोष्ट चालू झाली की कोणी एक शब्द बोलत नाही, सगळं हॉवर्ड ब्लेकचं ऑर्केस्ट्रा सांगतं. मधे गोष्टीतला मुलगा आणि बर्फाचा माणूस उडतात तेव्हा एक मुलगा गातो, 'वॉकिंग इन द एअर', पीटर ऑटी म्हणून होता, चर्च कॉयरमधला. लोकांना वाटतं अ‍ॅलेड जोन्सने गायलं, त्याचं रेकॉर्ड नंतरचं, १९८५ चं. डिलिव्हरीनंतर मला झोप यायची नाही, फार उदास वाटायचं, कोणाला सांगताही यायचं नाही. रात्री मोबाईल उशीजवळ ठेवून अगदी बारीक आवाजात हे लावायची. बाळ शांत व्हायचं आणि मीही. शेवट फार दुःखी आहे पण म्युझिक खोटं सांत्वन करत नाही, ते मला बरं वाट

रात्रपाळी_आई:
उठला. बरं वाटायचं असं लिहायचं होतं.

सदरवाली:
@रात्रपाळी_आई खूप जणींचं होतं असं ग. घरात कोणाला तरी सांग, डॉक्टरांशी पण बोल. आणि कधी वाटलं तर मला मेसेज कर, मी उशिरापर्यंत जागी असते.

खामल्याच्या_काकू:
जेवण वेळेवर घे ग बाई. डिंकाचे लाडू हवे असतील तर सांग, केलेत.

अधिवेशन_ग्रस्त:
विषयाला धरून नाही पण, सिव्हिल लाइन्सकडून सदरला कोणी आलं का आत्ता? अधिवेशनामुळे रस्ते बंद आहेत का? मुलीला कॉयर प्रॅक्टिसला सोडायचंय.

वर्धारोडवाले_भाऊ:
एलआयसी चौकाकडून या, तिकडं मोकळं आहे. व्हीसीए स्टेडियमसमोर लय गर्दी.

अधिवेशन_ग्रस्त:
धन्यवाद भाऊ. मुलगी पण कॅरोल ऑफ द बेल्सच गातेय यंदा, आता गाडीत तिला ग रे ग सा सांगतो.

मोहननगरची_आल्टो:
अरे मग आमच्याच कॉयरमधली असेल! लहान मुलं पुढच्या रांगेत आहेत. बाकी ज्यांना ऐकायचंय त्यांनी चोवीसच्या रात्री सदरला चर्चमधे जरा लवकर या, मिसाच्या (प्रार्थनेच्या) आधी अर्धा तास तरी कॅरोल्स होतात, कोणीही येऊ शकतं. गाडी लांब लावा, आत जागा नसते.

संत्राबर्फी:
चोवीसला मी येणार. कल्कल कोण आणतंय?

रेल्वे_क्वार्टर:
मी आणतो. आंटींची रेसिपी बहिणीकडे आहे, या रविवारी करायला बसतो. काकू, तुम्ही लाडू आणा.